उठावरेषांची पाटी: सातवीच्या गटकामात वर्षभर वापरून

फळीवर चिकटवलेला मऊ रबर आणि वर क्लिपने अडकवायचा पातळ प्लास्टिकचा कागद, एवढीच ही पाटी. बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती तिथल्या तिथे वर उठते, बोटाला लागते. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून वाचायचं; इथे जसं काढलं तसंच हाताला लागतं. त्यामुळे डोळस मुलांना वेगळं काही शिकावं लागलं नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशित शिक्षण आहे, आमच्या वर्गात एक अंध मुलगी आहेही. पण गटकामात बाकीचे चौघं काम उरकून तिला उत्तर सांगायचे, ती लिहून घ्यायची, आणि मीही त्यालाच सहभाग समजत होते. त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक, म्हणजे बाजूच्या मध्यातून काढलेल्या लंबरेषा, एकसंपाती असतात, एकाच बिंदूत मिळतात, हा पाठ या पाटीवर घेतला. वाचताना अक्षरांशी झगडणाऱ्या, पण हात स्थिर असलेल्या मुलाकडे कंपास दिला. एकीने पायऱ्या मोठ्याने वाचल्या. रेषा कुठे मिळतात ते शोधायचं काम आमच्या अंध मुलीचं. लघुकोन त्रिकोणात बिंदू आत सापडला, काटकोनात कर्णाच्या मध्यावर. विशालकोन त्रिकोणावर ती बराच वेळ बोटं फिरवत राहिली आणि म्हणाली, "बाई, या तर बाहेर मिळतात!" बाकीचे चौघं तिच्या बोटाकडे बघत होते.

त्रासही आहेत. रेघ पुसता येत नाही. कंसांची गर्दी झाली की दुभाजक कुठला ते बोटांना कळत नाही. म्हणून कंस हलक्या हाताने काढतो, दुभाजक दोनदा गिरवतो. कंपासला पेन्सिलीऐवजी रिफिल बांधावी लागते. कंपासच्या टोकाने रबराला भोकं पडतात, पण टोचल्याची तीच खूण तिला शिरोबिंदू शोधायला उपयोगी पडते. अंधुक दिसणाऱ्या एका मुलाला पारदर्शक कागदावरची रेघ दिसेना, त्याच्यासाठी ती जाड काळ्या मार्करने गिरवली.

"हे बघ, असं" म्हणायला आता गटात बंदी आहे. कुठून कुठे रेघ चालली ते बोलूनच सांगायचं. मला स्वतःला ही सवय लागायला दिवाळी उजाडली.

घेणार असाल तर गटामागे एक घ्या. फक्त तिच्यापुरती एक आणली तर ती पाटी घेऊन पुन्हा एकटीच बसेल. आणि कागद जास्तीचे मागवा, एका तासात पाच-सहा सहज संपतात.