फळी काढलेली रिक्षा : सांगलीत विश्रामबाग ते गावभाग, शाळेची ने-आण

पाचपैकी चार गुण देतेय (हे एप्रिल २०२२ मध्ये लिहिलंय). एक का कापला ते पुढे येईलच. रिक्षावाल्या काकांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "नाव नको वैनी, आरटीओवाले बी वाचत्यात."

माझी मुलगी तिसरीत आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाली तेव्हा ती पहिलीत होती. म्हणजे दुसरी आख्खी माझ्या मोबाइलवर झाली. पाढे तोंडपाठ, पण 'प्रकाश' लिहायला सांगितलं की 'परकाश'. वहीभर र सुटा पडलेला. १ डिसेंबर २०२१ पासून पहिलीपासूनचे वर्ग भरवायला शासनाने परवानगी दिली आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. आमचे हे म्हणाले पाठव. सासूबाई म्हणाल्या अजिबात नको. त्यांना शुगर आहे, वय अडुसष्ट. दोन डोस झाले होते, तरी दुसऱ्या लाटेत त्यांचा सख्खा भाऊ मिरजेला ॲडमिट झाला तो घरी आलाच नाही, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्या बाईशी मी कुठल्या तोंडाने वाद घालणार? आणि पोरीच्या वयाला लसच नव्हती. ३ जानेवारीला १५ ते १८ वाल्यांची सुरू झाली, मार्चमध्ये १२ ते १४ वाल्यांची. आठ वर्षांच्या मुलीने काय करायचं?

डिसेंबर मी तसाच जाऊ दिला. शाळेचं संमतीपत्रक महिनाभर फ्रिजवर चिकटवलेलं. 'माझ्या जबाबदारीवर पाल्यास पाठवत आहे' या ओळीपाशी पेन थांबायचं. जानेवारीत ओमायक्रॉन आला, शाळा परत बंद. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग २४ जानेवारीपासून पुन्हा परवानगी, या वेळी निर्णय जिथल्या तिथल्या प्रशासनावर सोडलेला. त्याच आठवड्यात एका दुपारी पोरगी आतल्या खोलीत बाहुल्यांची शाळा भरवून बसली होती. सगळ्यांना ओळीत बसवलं आणि म्हणाली, "चला, सगळे म्यूट व्हा." मी सही करून टाकली.

सही झाली, पण पोहोचवायचं कुणी? मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर अकाउंट बघते. नवी हळद यायला लागली की सौद्याच्या दिवसांत साडेनऊला खुर्चीत नसले तर शेठ काही बोलत नाहीत, स्वतः पट्ट्या (शेतकऱ्यांची बिलं) लिहायला बसतात, आणि मग ते निस्तरायला मला दोन दिवस लागतात. यांची कुपवाड एमआयडीसीत पहिली पाळी. स्कूटी दारात असून उपयोग नाही.

आधी एका व्हॅनवाल्याकडे चौकशी केली. गाडी पांढरीशुभ्र, आत एसी, दारात सॅनिटायझरची बाटली टांगलेली, वर कपाळाला लावायची ती तापाची बंदूक. महिना १,४००. सासूबाईंना ती बंदूक फार आवडली. मी म्हटलं, माझं बघा. थंडीची सकाळ होती, बंदुकीवर नुसतं 'लो' आलं. त्याने वहीत ९७.४ लिहिलं. पुढच्या मुलाचं विचारलं तर त्याचंही ९७.४. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या बाईसमोर हे करायचं? बरं, काचा सगळ्या बंद आणि आत अकरा मुलं. हा आजार हवेतून पसरतो, कोंदट जागेत जास्त पसरतो, हे दोन वर्षं कानी-कपाळी ओरडून सांगितलेलं. वर्गात बाई एका बाकावर एक मूल बसवणार, खिडक्या उघड्या ठेवणार, आणि तिथपर्यंत जाताना पंचवीस मिनिटं ही बंद डबी.

मग हे काका सापडले. शेजारच्या जोशीकाकूंची मुलं कोविडच्या आधी त्यांच्याकडेच जायची. ती रिक्षा मला आठवत होती. मागे सीटवर पाच, समोर आडव्या फळीवर चार, ड्रायव्हरशेजारी एक लटकलेला आणि दप्तरं बाहेर हुकांना. म्हणून मी आधीच म्हटलं, असं कोंबणार असाल तर नको.

त्यांनी काही न बोलता रिक्षा दाखवली. फळी काढलेली. पत्र्यात बोल्टांची चार भोकं तेवढी राहिली होती (पोरं आता त्यात पेन्सिली खोवतात). दोन्ही बाजूंचे पडदे गुंडाळून वर सुतळीने बांधलेले. "पाचच पोरं घेतो. वारा लागतोय, स्वेटर घालून पाठवा." लॉकडाऊनमध्ये याच रिक्षातून त्यांनी शंभर फुटी रोडवर भाजी विकली होती. सीटच्या रेक्झिनवर तराजू ठेवायच्या जागी अजून गोल खड्डा आहे.

भाडं १,१००. पूर्वी जोशीकाकू ६०० द्यायच्या. मी घासाघीस केली तर काकांनी हिशेब मांडला : दहाचे सहा हजार यायचे, आता पाचाचे साडेपाच, आणि पेट्रोल तर शंभरीच्या कधीच पुढे गेलं. गणित बरोबर होतं, मी गप्प बसले. तरी फेब्रुवारीत शाळा तीन तासच भरायची, तेव्हा शंभर-दोनशे कमी घ्यायला हरकत नव्हती. घेतले नाहीत.

वेळेचं म्हणाल तर पुष्पराज चौक आणि राम मंदिर ओलांडेपर्यंत रोज पाच-सात मिनिटं इकडेतिकडे. शाळेने कधी बाहेर उभं केलेलं नाही. मास्कची शिस्त मात्र काकांच्या पाठीमागे मोडते. एकदा मी यार्डातून बँकेत निघाले असताना सिग्नलला शेजारी हीच रिक्षा उभी. पाचही मास्क हनुवटीवर, एकच भडंगाची पुडी आणि तिच्यात पाच हात. माझ्या पोरीने मला बघून मास्क वर ओढला, तोंड भरलेलंच. सासूबाईंना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

आता तो कापलेला गुण. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आज पण काका नव्हते, दादा होता." आज पण? तीन दिवस काकांचा पुतण्या रिक्षा चालवत होता आणि मला पत्ता नाही! फोन लावला. काकांचा आवाज बसलेला. म्हणाले, "घसा धरलाय, म्हणून मीच लांब राहिलो की ओ. तुमाला सांगितलं असतं तर तुमी पोरगीला पाठवलंच नसतं."

खरं होतं. नसतंच पाठवलं. मी त्यांना खूप बोलले. तुमच्या घरी आजारी कोण आहे हे कळल्याशिवाय आम्ही ठरवायचं कसं, आमच्याकडे म्हातारं माणूस आहे, असं सगळं. पुढचे आठ दिवस पोरगी घरी ठेवली, त्या आठ दिवसांचे पैसे त्यांनी कापले नाहीत. घरात कुणाला काही झालं नाही. फोन ठेवल्यावर माझ्या मनात एक बोचत राहिलं. माझा घसा दुखला असता, तर मी शेठना सांगितलं असतं का, ऐन सौद्यात?

नववा दिवस उजाडला, सकाळी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज. काकांना टाइप करता येत नाही. "वैनी, आज मीच हाय. ताप न्हाई. घरात सगळी बरी हायती." तेव्हापासून रोज पावणेनऊला हा मेसेज येतो. सासूबाई तो ऐकायला चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात. एकदा रेंज नव्हती, तर त्यांनीच विचारलं, "रिक्षावाल्याचं आज काय?"

२०२२च्या गुढीपाडव्यापासून निर्बंध उठले, मास्कची सक्ती गेली. यंदा (२०२२) एप्रिलअखेरपर्यंत शाळा ठेवली, ती पूर्ण वेळ. काका म्हणतात जूनपासून फळी परत बसवणार, भाडं ८०० करणार. मी सांगितलंय, माझे १,१०० घ्या आणि फळी राहू द्या बाहेर. पण बाकी चौघांच्या घरी ८०० जास्त पसंत पडले आहेत, आणि त्यांना मी काय म्हणणार.

'प्रकाश' आता जमतो. 'आशीर्वाद' अजून नाही.

एक जागा रिकामी होतेय, मोठी मुलगी जूनपासून सायकलने जाणार आहे. कुणाला विचारायचं असेल तर दुपारी शाळा सुटायच्या आधी गेटवर जा, काका लिंबाखाली असतात. सकाळी फोन करू नका. ते रिक्षा चालवताना उचलतात.