क्लच सेट बदलल्यावर सात-आठ महिन्यांनी: लक्षणं, खर्च आणि आताची गाडी

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुण्यातली. मूळ क्लच साधारण ८० हजार किलोमीटर चालला. त्यातले निम्मे तरी सिंहगड रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगण्यात गेले असतील, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. नवा सेट (क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) टाकून आता नऊ-दहा हजार किलोमीटर झालेत.

लक्षणं एकदम आली नाहीत. आधी पेडल जड झालं. मग पाय जवळजवळ पूर्ण उचलेपर्यंत गाडी हलेना. केबल ॲडजस्ट करून काही दिवस निभावले. खरं काय ते पसरणी घाटात कळलं. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, तिसरा गिअर. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा सरसर वर जायचा आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. सोबत जळका वास. सपाट रस्त्यावर हीच गाडी गुमान चालते, म्हणून बरेच जण पिकअप गेला असं समजून प्लग नि फिल्टर बदलत बसतात.

मेकॅनिकने गॅरेजच्या दारातच तपासून दाखवलं. हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस दिली आणि क्लच सोडला. प्लेट धड असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडतं. आमचं गुरगुरत राहिलं. हा प्रयोग एकदाच करायचा, नाहीतर उरलीसुरली प्लेट तिथेच जळते.

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट साडेबारा हजारांचं होतं, त्यात इंजिन फ्लशिंगसारख्या क्लचशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टीही होत्या. ओळखीच्या गॅरेजमध्ये आठ हजारांच्या थोडं वर भागलं: नाना पेठेतून आणलेला सेट साडेचार हजार, मजुरी अडीच हजार, बाकी केबल, गिअर ऑइल आणि फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) लेथवर घासून घेण्याचे. सेट नामांकित कंपनीचा, सीलबंद खोक्यातला आणि पक्क्या बिलाचाच घ्या. या मालात डुप्लिकेट बरंच फिरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या भावांशी तुलना करताना ते धरा.

नुसती प्लेट टाकून हजार-दोन हजार वाचवा, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. यात खरं काम गिअरबॉक्स उतरवण्याचं असतं. उद्या जुनं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) किरकिरायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला, आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवरही नजर टाकायला सांगा. तिथून गळणारं ऑइल नव्या प्लेटवर गेलं की सगळे पैसे पाण्यात.

जुने भाग मागून घ्या. माझ्या प्लेटच्या लायनिंगवरच्या खाचा पार पुसल्या गेल्या होत्या, एका बाजूला रिव्हेटची डोकी उघडी पडलेली, आणि प्रेशर प्लेटवर तापून निळे पडलेले चट्टे. हे पाहिल्यावर बिलाबद्दल शंका उरत नाही.

आता पेडल इतकं हलकं आहे की पहिले काही दिवस गाडी सारखी बंद पडत होती. पायाला जुन्या पकडीची सवय. घाटात तिसरा गिअर पुन्हा ओढतो. मायलेजमध्ये मात्र जाणवण्याइतका फरक नाही, मायलेज वाढतं असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. सिग्नलला न्यूट्रल आणि चढावर हाफ क्लचऐवजी हँडब्रेक, एवढं पाळतोय.

डिझेलवाल्यांनी माझ्या आकड्यांवर जाऊ नये. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे शोषणारं, दोन भागांचं) असेल आणि तेही गेलं असेल, तर एकटं फ्लायव्हीलच माझ्या सगळ्या बिलापेक्षा महाग पडतं. ते गाडीत आहे का आणि बदलावं लागेल का, हे गिअरबॉक्स उतरवण्याआधी विचारून एस्टिमेटवर लिहून घ्या.