संत्री-मोसंबीच्या सडीवर निळे एलईडी: काही महिने वापरल्यावर

इमॅझॅलिल या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशी वाढायला लागली म्हणून साठवणीच्या खोलीत निळे एलईडी लावले, आता बरेच महिने झालेत. साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचे आहेत. सजावटीची निळी माळ घेऊ नका, आकडा छापलेला असेल तेच घ्या.

फरक पडतो, हे आधीच सांगतो. हिरवी बुरशी (पेनिसिलियम डिजिटॅटम) कशी येते माहितीये ना, आधी सालीवर पाणचट मऊ डाग, मग पांढरी कड आणि बघता बघता मधे हिरवी भुकटी, जी हात लागला की शेजारच्या सगळ्या फळांवर उडते. आता डाग पडला तरी सावकाश पसरतो, भुकटीही कमी धरते, त्यामुळे खराब फळ वेळेत उचलून टाकता येतं. पण सडायला लागलेलं फळ यानं बरं होत नाही, ती अपेक्षाच नको.

खरी गोची सावलीची आहे. उजेड पडतो तेवढ्याच सालीवर काम होतं, क्रेट ठासून भरला की वरचा थर झकास आणि खाली बुरशीचं राज्य. एका थरात, फळांमधे फट ठेवून, दोन्ही बाजूंनी दिवे दिले तेव्हा कुठे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, पण जागा किती खाते विचारू नका! आणि तोडताना देठ ओढून साल फाटली असेल तर बुरशी त्याच जखमेतून आत शिरते, म्हणून कात्रीने तोडणं सुटत नाही. थंडीही लागतेच, पण निळी बुरशी (पेनिसिलियम इटॅलिकम) थंडीत हिरवीपेक्षा जास्त तग धरते, त्यामुळे कोल्ड रूममधेही फळं चाळत राहायची.

सोबत यूव्ही-सीही (अतिनील किरणांचा दिवा), २५४ नॅनोमीटरवालं, वापरून पाहिलं. त्याची गंमत वेगळी, थोडा मारा बसला की साल स्वतःच स्कोपॅरोन नावाचं बुरशीविरोधी द्रव्य बनवते, फक्त त्याला काही दिवस लागतात म्हणून लागण व्हायच्या आधीच द्यावं लागतं. डोस जरा जास्त झाला की पातळ सालीच्या संत्र्यांवर तपकिरी चट्टे, मग ते फळ घेणार कोण? शिवाय डोळ्यांना आणि कातडीला घातक, दिवा चालू असताना आत जायचंच नाही.

माझ्याकडे निळे दिवे राहणार, यूव्हीची पेटी सध्या बंद आहे. कोणी जाड सालीच्या फळांवर तिचा डोस नीट बसवला असेल तर सांगा.