युबिक्विनोन की युबिक्विनॉल?

पेशीत ऊर्जा तयार व्हायला मदत करणारं को-एन्झाइम क्यू-१० पूरक म्हणून घ्यायचं, एवढं डॉक्टरांशी बोलून ठरलं तरी कोणतं घ्यायचं हे उरतंच. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सुरू झाल्यावर मलाही ते ठरवावं लागलं. स्टॅटिन कोलेस्टेरॉलची निर्मिती ज्या वाटेवर रोखतं, त्याच वाटेने शरीर क्यू-१० बनवतं. त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाणही उतरतं.

खरं तर युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल ही क्यू-१० या एकाच रेणूची दोन रूपं. मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, आतल्या पटलात युबिक्विनोन इलेक्ट्रॉन उचलतं, युबिक्विनॉल होतं, पुढे ते सोपवून पुन्हा युबिक्विनोन होतं. पेशीतलं बहुतेक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, याच साखळीच्या जोरावर तयार होतं. १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन यांना हा रेणू सापडला तो गुरांच्या हृदयातल्या मायटोकाँड्रियात. अखंड राबणाऱ्या स्नायूत तो मुबलक असावा, हे साहजिकच.

युबिक्विनॉलची बाजू कमकुवत नाही. रक्तातलं बहुतांश क्यू-१० त्याच रूपात असतं, अँटिऑक्सिडंटचं काम तेच करतं, आणि काही अभ्यासांत रक्तातली पातळी त्याने जास्त वाढलेली दिसते. मात्र पोटात गेलेलं युबिक्विनोनही शरीर युबिक्विनॉलमध्ये बदलून घेतंच.

मला खटकलं ते त्याचं न टिकणं. हवा लागली की युबिक्विनॉलचं पुन्हा युबिक्विनोन होऊ लागतं आणि दुधाळ रंग नारिंगीकडे झुकतो. कॅप्सूलचं आवरण अपारदर्शक, त्यामुळे आत काय चाललंय ते कळत नाही. बरेच दिवस उघडी असलेल्या बाटलीतली एक कापून पाहिली, तर आत चक्क नारिंगी. अपाय काहीच नाही, पण ज्या रूपासाठी जास्त पैसे मोजले, तेच हाती उरलं नव्हतं. त्यानंतर माझं मन युबिक्विनोनकडे वळलं.

हृदय निकामी होत चाललेल्या ४२० रुग्णांवरची, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली क्यू-सिम्बायो चाचणीही युबिक्विनोनचीच: रोज ३०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. त्या गटात हृदयाच्या गंभीर घटना आणि मृत्यू कमी झाले. एका चाचणीवर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न रास्तच आहे. स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायूदुखीबाबत तर निष्कर्ष उलटसुलट आहेत; माझ्या पोटऱ्यांना दोन्हींत फरक जाणवला नाही.

युबिक्विनोन घेतलंत, तर कोरड्या भुकटीचं नको, तेलात विरघळवलेलं पाहा, आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्या. वय बरंच झालं असेल, किंवा युबिक्विनोनने रक्तातली पातळी हलतच नसेल, तर युबिक्विनॉल जरूर आजमावावं. फक्त बाटली लहान घ्यावी. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.