प्लँटेड टँकचं पाणी किती दिवसांनी बदलावं? लातूरच्या पाण्यावरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात लावलेला दोन फुटी प्लँटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची काचेची टाकी, आता कडक उन्हाळाही काढतेय. व्हॅलिस्नेरिया, अनुबियास, जावा फर्न ही झाडं आणि गप्पी मासे. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नाही, लाइट साधा.

'दर आठवड्याला निम्मं पाणी बदला' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो जास्त लाइट, सीओटू आणि भरपूर खत देणाऱ्यांसाठी बरोबर आहे, कारण उरलेलं खत त्यांना बाहेर काढावंच लागतं. साध्या टाकीत मासे कमी आणि झाडं दाट असली, की माशांच्या घाणीतून होणारं अमोनिया-नायट्रेट झाडंच खातात. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दर आठवड्याला अर्धी टाकी ओतून देणं जिवावर येतं. मी पंधरा दिवसांनी पाव टाकी बदलतो. झाडं जोमात आहेत, काचेवर शेवाळ नावालाच.

खरी अडचण बोअरच्या पाण्याची. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला दिसतो. एप्रिल-मे मध्ये पाणी भराभर उडतं, पण क्षार मागेच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा बोअरचंच ओतत राहिलं तर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढतच जातो. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याने, आणि पंधरवड्याचा बदल नळाच्या पाण्याने. आरओचं वेस्ट पाणी मात्र टाकीत अजिबात नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. गप्पींना जड, म्हणजे क्षारांचं पाणी मानवतं. टेट्रासारखे हलकं पाणी लागणारे मासे पाळायचे असतील तर आरओचं प्रमाण वाढवावं लागेल.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन बादलीत 24 तास उघडं ठेवलं की उडतो; घाई असेल तर अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध). मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं, त्यामुळे बदलायचं पाणी मी आदल्या पहाटेच काढून घरात सावलीला ठेवतो. सायफनने काढलेलं पिवळसर पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला जातं. त्यातलं नायट्रेट त्याला चांगलंच लागू पडलंय, नवी पालवी गर्द हिरवी आहे.

टाकी नुकतीच लावली असेल तर हे वेळापत्रक धरू नका. पहिला महिनाभर, फिल्टरमधले घाण पचवणारे बॅक्टेरिया स्थिरावेपर्यंत, आठवड्यातून दोनदा पाव-पाव टाकी बदलाच. आणि मासे वर येऊन हवेसाठी तोंड मारायला लागले, तर कधीही असो, पंधरवडा पुरा व्हायची वाट पाहू नका.