सात रस्त्याजवळचा विवेकनिष्ठ विचारवर्ग : सहा रविवारांनंतरचे मत

सोलापुरात अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. सुताचा भाव, वीज आणि व्यापाऱ्याची मर्जी या तिन्हींपैकी एकही गोष्ट माझ्या हातात नसताना तिन्हींची जबाबदारी जणू माझ्यावरच आहे अशा समजुतीने मी २२ वर्षे धंदा केला. या उन्हाळ्यात रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर मनाचीही काळजी घेण्यास बजावले आणि एका परिचितांनी या वर्गाचा पत्ता दिला. सहा रविवार, सकाळी दोन तास, १४ जणांची तुकडी आणि वहीसह १,८०० रुपये फी, असे त्याचे स्वरूप आहे. वर्ग घेणाऱ्या बाई मानसशास्त्रज्ञ आहेत.

वर्गाचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आहे. घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. घटना आणि अस्वस्थता यांच्या मध्ये आपला एक समज उभा असतो आणि काम त्या समजावर करायचे असते, हे तिचे मुख्य सूत्र. ते एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून आल्याचे स्वतः एलिस मान्य करत. एपिक्टेटस रोममध्ये गुलाम होता आणि पायाने अधू होता. ज्याचा स्वतःच्या शरीरावरही कायद्याने हक्क नव्हता, त्याने आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याचा विचार सर्वांत बारकाईने केला, हे ऐकल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. नशिबाला शरण जा असा उपदेश ऐकावा लागेल, ही माझी धास्ती तिथेच संपली.

दुसऱ्या रविवारी बाईंनी आम्हाला मनात सतत घोळणारी पाच वाक्ये लिहायला सांगितली आणि त्यांतील 'च' शोधायला लावला. माल वेळेवर गेलाच पाहिजे. मुलाने ऐकलेच पाहिजे. माझ्या कामाला कोणी नाव ठेवताच कामा नये. इच्छा असणे स्वाभाविक आहे, परंतु त्या एका अक्षराने इच्छेचा हेका होतो आणि जग तो हेका पुरवायला बांधलेले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. 'च' खोडून प्रत्येक वाक्य पुन्हा लिहायचे, एवढाच गृहपाठ. ऐकायला हे बालिश वाटेल. मलाही पहिले दोन दिवस तसेच वाटले.

तिसऱ्या आठवड्यात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने रंगात फरक असल्याचे सांगून ४०० टॉवेल परत पाठवले. त्या रात्री मी वही उघडली आणि घटना, समज व परिणाम अशा तीन रकान्यांत सगळे लिहून काढले. परिणामाच्या रकान्यात विनाकारण कामगारावर ओरडणे, न जेवणे आणि डोके दुखणे एवढे होते. नुकसानीचा आकडा त्यात कुठेच नव्हता, कारण तो हिशेब करण्याइतके डोके शांतच नव्हते. लिहून झाल्यावर तो हिशेब केला, सकाळी कामगाराची माफी मागितली आणि मग व्यापाऱ्याला फोन केला. त्याने निम्मा माल कमी भावात ठेवून घेतला, उरलेला मी किरकोळीत काढला. तोटा झाला तो झालाच, परंतु त्यापायी आठवडा वाया गेला नाही.

या वर्गात भावना दाबायला शिकवत नाहीत, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू मला वाटते. काळजी वेगळी आणि चिंता वेगळी, दुःख वेगळे आणि नैराश्य वेगळे, हा भेद बाई पुन्हा पुन्हा समजावतात. तुकडीतील एका बाईंचे यजमान वर्षभरापूर्वी गेले होते. त्यांना कोणीही 'आता सावरा' असे म्हटले नाही. दुःख हे योग्य आणि निरोगी आहे, ते घाईने आवरण्याची गरज नाही, एवढेच बाईंनी सांगितले आणि बराच वेळ त्यांना बोलू दिले. हा वर्ग उपचारांची जागा घेत नाही, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट केले जाते. ज्यांची झोप, भूक किंवा जगण्याची इच्छाच गेली आहे त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे असे सांगून सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांनी फळ्यावर लिहून ठेवला होता आणि तो सहाही रविवार पुसला गेला नाही.

माझा मतभेद झाला तो चौथ्या रविवारी. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींची यादी करताना बाईंनी पाऊस आणि ऊन यांच्या पंक्तीला नळाचे पाणीही बसवले. आपल्या शहरात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर घराघराचे वेळापत्रक ठरते, त्यामुळे उदाहरण सर्वांना पटले. मला ते पटले नाही. पाऊस माणसाच्या हाती नाही. परंतु धरणातून किती पाणी उचलायचे, जलवाहिनी कधी टाकायची आणि कोणत्या भागाला कधी सोडायचे हे माणसेच ठरवतात. संत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावात तलाव खोदवून घेतला, तेव्हा पाऊस त्यांच्याही हाती नव्हता, कुदळ मात्र होती. हे मी वर्गात बोलून दाखवले. एकट्याच्या हाती नसलेले आणि कोणाच्याच हाती नसलेले यांत फरक न केल्यास स्वीकार शिकता शिकता आपण तक्रार करणे, अर्ज देणे आणि शेजाऱ्यांना बरोबर घेणेही सोडून देऊ, अशी मला मनापासून भीती वाटते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, पाणी त्या यादीतून खोडले आणि 'एकत्र मिळून' असा नवा रकाना फळ्यावर आखला. पुढच्या तुकडीसाठी तो वहीत छापून घ्यावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

इतर उणिवा लहान आहेत. खोली पहिल्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. रस्त्याकडील खिडकी उघडल्यास गाड्यांचा आवाज येतो आणि बंद केल्यास उकडते. सहा रविवार मला कमी पडले. शेवटचे सत्र घाईत उरकल्यासारखे वाटले आणि स्वतःला कमी लेखण्याचा विषय, ज्यावर निम्म्या तुकडीला बोलायचे होते, अर्ध्या तासात आटोपला. वेळेबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. एका रविवारी वीज गेली तरी वर्ग ठरल्या वेळी सुरू झाला आणि ठरल्या वेळी संपला.

आमच्या तुकडीत शहराच्या पूर्व भागातील एक तेलुगूभाषक वृद्ध विणकर होते. त्यांना मराठी बोलता येते, पण वाचायला अवघड जाते. बाईंना तेलुगू समजत असल्याने चर्चेत अडचण आली नाही, तरी घरी वही भरताना त्यांना दर वेळी नातीची मदत घ्यावी लागे आणि मनातील काही गोष्टी नातीला सांगून लिहवून घेण्यासारख्या नसतात. मराठीबरोबरच तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या या शहरात ही वही तिन्ही भाषांत निघायला हवी. छपाईच्या खर्चापोटी फी शंभर-दोनशे रुपयांनी वाढवली तरी माझी हरकत नाही, असे मी बाईंना लेखी कळवले आहे.