‘शेवटचा न्याय’ : साक्री तालुक्यातील तीन दिवसांच्या शास्त्राभ्यास शिबिराविषयी

न्यायाच्या दिवसाविषयीची प्रवचने मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या बहुतेकांनंतर काही नवे कळल्यापेक्षा रात्री झोप उडाल्याचेच मला अधिक आठवते. म्हणून दिवाळीनंतर साक्री तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ‘शेवटचा न्याय’ या विषयावर तीन दिवसांचे निवासी शिबिर ठरवले, तेव्हा मी जरा बिचकतच नाव नोंदवले. शुल्क अडीचशे रुपये होते आणि त्यात राहणे, दोन वेळचे जेवण व बत्तीस पानी अभ्यासपुस्तिका मिळाली. जेवण साधे आणि पोटभर होते. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांवर कोणाचीच तक्रार नव्हती, मात्र झोपण्याच्या सभागृहात थंडी फार वाजत असल्याने पुढे जाणाऱ्यांनी गोधडी सोबत न्यावी.

पहिल्या दिवसाचा पाठ बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायावर होता. सगळी राष्ट्रे मनुष्याच्या पुत्रासमोर, म्हणजे न्याय करायला आलेल्या येशूसमोर, जमवली जातात आणि मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो तसा तो लोकांना वेगळे करतो, हा भाग आम्हा सर्वांना पाठ आहे, परंतु शिकवणाऱ्या पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) संध्याकाळी आम्हाला सभागृहातून उठवून शेजारच्या शेतात नेले, जिथे खतासाठी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. उजेड कमी होत चालला होता. काळ्या मेंढ्या आणि काळ्या शेळ्या पाठीमागून आम्हाला सारख्याच दिसत होत्या. कळप राखणारे बाबा मात्र एकेका जनावराच्या पाठीवरून हात फिरवत होते, लोकर लागली की एका बाजूला, केस लागले की दुसऱ्या बाजूला, आणि हात पोहोचत नसेल तिथे शेपटी बघत होते, कारण शेळीची शेपटी वर असते आणि मेंढीची खाली लोंबते. एकदाही त्यांचा हात अडखळला नाही. परत येऊन पाळकांनी एवढेच विचारले की, निवडताना जनावरांना काही विचारावे लागले का, आणि त्यानंतर दाखल्यातला (दृष्टांतातला) तो भाग वाचला जिथे दोन्ही बाजूंचे लोक चकित होऊन ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले?’ असे एकच विचारतात. उजवीकडच्यांनाही, म्हणजे मेंढरांसारखे निवडून राज्य दिलेल्यांनाही, आपण भुकेल्याला घातलेले अन्न न्याय करणाऱ्या त्या राजालाच घातले होते हे ठाऊक नसते. इतक्या वर्षांत हा मुद्दा मला कोणी असा दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृपा आणि कृत्ये यांचा अवघड प्रश्न हाताळला गेला. तारण विश्वासाच्या द्वारे कृपेनेच होते असे इफिसकरांस पत्रात आहे, तर रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देव प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे प्रतिफळ देईल असे आहे, आणि दोन्ही पत्रे प्रेषित पौलाच्याच नावाने आपल्या हाती आली आहेत. पाळकांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उलगडून सांगितला, त्यात इमारतीच्या पायावर कोणी सोने-रुपे रचतो तर कोणी लाकूड, गवत, पेंढा, अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा करतो, आणि ज्याचे काम जळून जाते तो स्वतः मात्र अग्नीतून निघावा तसा वाचतो. पुस्तिकेत याच ठिकाणी रोमन कॅथलिक शिकवणीतील मरणोत्तर व्यक्तिगत न्याय, शेवटच्या दिवसाचा सार्वत्रिक न्याय आणि शुद्धिस्थान (मरणानंतर आत्म्याची शुद्धी होण्याची अवस्था) यांची मांडणी टिंगल न करता दिली आहे, हे प्रोटेस्टंट मंडळीच्या पुस्तिकेत पाहून मला आनंद झाला.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याला मात्र पुरेसा वेळ मिळाला नाही. अकराव्या ताशी, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना, आलेल्या मजुरालाही पहाटेच्या मजुराइतकाच दीनार (दिवसाची मजुरी) मिळतो हे वाचताच मागे बसलेल्या, कापूस वेचणीला जाणाऱ्या एका ताई म्हणाल्या की आमच्याकडे संध्याकाळी काट्यावर भरेल तेवढ्याच किलोचे पैसे मिळतात, मग हा कसला न्याय? सर्व शिबिरातला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता आणि त्याला दोन मिनिटांत ‘ती देवाची मर्जी’ म्हणून आटोपते घेतले गेले. पहाटेच्या मजुराला ठरलेले पूर्ण मिळाले होते, त्याच्या वाट्यातून काहीच काढले गेले नव्हते, आणि उशिरा आलेला ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही’ एवढेच सांगत होता, हे तरी त्या ताईंना सांगायला हवे होते.

माझी खरी तक्रार दुसऱ्या रात्रीच्या सभेविषयी आहे. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर जळत्या नरकाची चित्रे लावली, समोर सात-आठ वर्षांची मुले बसलेली असताना, आणि एक मुलगी आईच्या पदरात तोंड खुपसून रडू लागली तरी चित्रे थांबली नाहीत. मी नरकाची शिकवण सौम्य करून मागत नाही. येशूने नरकासाठी गेहेन्नाचे नाव घेतले तेव्हा ऐकणाऱ्यांसमोर यरुशलेमजवळची हिन्नोमचे खोरे होते, जिथे यहूदाच्या राजांनी आपली मुले अग्नीत होमली होती, आणि तो शब्द त्यांनाही हादरवणाराच होता. पण त्याच पंचविसाव्या अध्यायात राज्य माणसांसाठी जगाच्या स्थापनेपासून सिद्ध केले आहे आणि अग्नी सैतान व त्याच्या दूतांसाठी सिद्ध केला आहे असे लिहिले आहे, हा फरक त्या रात्री कोणीही उच्चारला नाही. ज्यांची मजुरी बुडाली, ज्यांचे ऐकून घेणारा कोणी भेटला नाही, त्यांच्यासाठी न्यायाचा दिवस ही वाट पाहण्याची गोष्ट आहे. ‘किती काळ?’ असे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील हुतात्मे ओरडून विचारतात ते न्याय हवा म्हणूनच.

तिसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांत एक आजी उठल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, “मनी आजीले तं येशूनं नावबी माहित नव्हतं. तिनं काय व्हई?” (माझ्या आजीला तर येशूचे नावही माहीत नव्हते. तिचे काय होईल?) पाळकांनी घाई केली नाही. धन्याची इच्छा ठाऊक असूनही न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके आणि ठाऊक नसलेल्याला थोडे, हे लूकाच्या बाराव्या अध्यायातले वचन त्यांनी वाचले, मोशेचे नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणावरही त्याचे आचार लिहिलेले असतात हा रोमकरांस पत्रातील भाग वाचला, आणि सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, असे अब्राहामाने देवालाच विचारले होते हे सांगितले. मग ते म्हणाले, “आजी, याच्या पुढचे मला शास्त्रात दिसत नाही, म्हणून मी बोलणार नाही.” आजी मान हलवून खाली बसल्या आणि पुस्तिकेत ती तीन वचने कुठे आहेत ते शेजारणीकडून खुणा करून घेऊ लागल्या.

पुढच्या वर्षी प्रकटीकरणातील सात मंडळ्यांना दिलेली अभिवचने, म्हणजे विजय मिळवणाऱ्याला काय मिळेल, हा विषय आहे. मुलांसाठी वेगळा वर्ग ठेवावा असे मी आयोजकांना लिहून दिले आहे आणि माझे व पत्नीचे नाव नोंदवले आहे.